टाचणी दिसेल अशी फरशी

टाचणी पडल्याचा आवाज होतो. पण तो ज्या बाईच्या हातून ती पडते तिलाच ऐकू येतो, आणि नेमकं तेव्हा तिचं तोंड बाकीच्या टाचण्यांनी भरलेलं असतं.

*

रांगणाऱ्या मुलाचं जग जमिनीपासून वीतभर उंच. त्या जगात टेबलांना पाय असतात, माणसांना पाय असतात, आणि जे जे चमकतं ते खायचं असतं.

*

"डाग दिसतच नाहीत काकू, हीच तर या टाइलची गंमत. सांडा, लवंडा, आठवडाभर पुसू नका. कुणाच्या बापाला कळणार नाही."

*

जन्मभर बस चालवून निवृत्त झालेला माणूस स्वतःच्या घरातही वळताना जरा थांबतो, आणि आरसा नसला तरी आरशात पाहिल्यासारखं करतो.

*

नवं कापड आधी दुकानाबाहेर उजेडात न्यावं. मग मुठीत घट्ट चुरगळावं. मग दुकानदाराच्या तोंडाकडे बघावं. पसंती शेवटी.

*

"एक तर टाचण्या, नाही तर ठमी. दोन्ही एका घरात नकोत."

*

हे शेवटचं वाक्य लेकीचं. ती ते स्वयंपाकघरात एका पायावर उभी राहून म्हणाली, कारण दुसऱ्या पायाच्या टाचेत टाचणी होती.

स्वयंपाकघर तिच्या आईचं. कपडे शिवणाऱ्याला मास्तर म्हणतात, आणि ही बाई, म्हणून सगळी गल्ली आईला मास्तरीण म्हणायची. घरातलं सगळ्यात मोठं टेबल स्वयंपाकघरात आणि सगळ्यात मोठी खिडकीही तिथेच. त्यामुळे कोट, झगे, गणवेश, पडदे, जे काय शिवायला येईल ते तिथे कापलं जायचं, टाचलं जायचं. टेबलाच्या एका टोकाला कांदा, दुसऱ्या टोकाला कॉलर. मधे खडूची रेघ. कांद्याने ती ओलांडायची नाही, असा नियम होता आणि कांदा तो पाळायचा.

ठमी म्हणजे नात. तिचं खरं नाव भलतंच भारदस्त होतं. तिला बसता यायला लागलं तरी ते नाव काही तिच्या अंगावर बसेना. ती आता रांगायला लागली होती, आणि लेकीची रजा संपत आली होती. दिवसभर ठमीला आजीकडे ठेवायचं की पाळणाघरात, असा एक प्रश्न आहे हेच मास्तरणीला ठाऊक नव्हतं. तिने तर मनातल्या मनात ठमीच्या दुपारच्या झोपेची जागासुद्धा मुक्रर करून टाकली होती.

"शिवण बंद कर असं मी म्हणत नाहीये," लेक टाच चोळत म्हणाली.

"तेच म्हणतेयस."

"बाहेरच्या खोलीत ने ना सगळं."

"तिथे उजेड कुठाय? तिथे तुझे बाबा आहेत."

"मी काय उजेड अडवतो का?" बाहेरच्या खोलीतून ड्रायव्हरसाहेब ओरडले. मास्तरीण नवऱ्याला लग्नापासून ड्रायव्हरसाहेब म्हणत आली होती; रागात नुसतं 'अहो'.

"तुम्ही नाही, तुमची टीव्हीची भिंत!"

"आई, थट्टा नको." लेकीने टाचेतून काढलेली टाचणी आईच्या तळहातावर ठेवली. "मला टोचली म्हणून मी बोलते तरी आहे. ठमीच्या तोंडात गेली असती तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही."

मास्तरणीने ती टाचणी घेतली आणि सरळ खाली टाकली. जुनी मोझॅकची फरशी, काळ्या, पांढऱ्या, तांबड्या ठिपक्यांची. तिच्या डोळ्यांदेखत टाचणी पडली आणि तिच्या डोळ्यांदेखत नाहीशी झाली.

"फरशीची चूक आहे," मास्तरणीने जाहीर केलं.

"फरशीची?"

"टाचणी पडणारच. टाचणी पडणार नाही असं शिवणारा माणूस अजून जन्मायचाय. पण पडली ती दिसायला नको? दिसली की उचलली, संपलं. या ठिपक्यांत हत्ती बसला तरी हुडकावा लागेल."

"आणि नवी फरशी टाकलीस की दिसेल?"

"दिसेल."

"प्रत्येक?"

"प्रत्येक. तूच परीक्षा घे. तुझ्या हाताने टाक टाचण्या आणि मला बोलव. एक जरी मागे राहिली तर मशीन विकून टाकीन आणि ठमीचं तोंड पुसत बसेन."

बाहेरच्या खोलीत टीव्हीचा आवाज कमी झाला. मशीन विकायची भाषा त्या घरात पूर्वी कुणी केली नव्हती. ड्रायव्हरसाहेबांची नोकरी मधे दोन वर्षं सुटली होती तेव्हासुद्धा नाही.

"ठरलं," लेक म्हणाली, आणि लंगडत लंगडत चप्पल घालायला गेली.

*

टाइलच्या दुकानात टाइल्स पुस्तकाच्या पानांसारख्या उलटत होत्या. दुकानदार एकेक पान उलटत, हळू आवाजात, लग्नाची स्थळं दाखवावीत तसा बोलत होता.

"हा मार्बल लूक. हा वुड लूक. हा स्टोन लूक."

"टाइल लूक असलेली टाइल नाही का?" ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं.

दुकानदार हसला. सवयीने हसला. मग तो आपल्या नेहमीच्या वाक्याला लागला: डाग दिसतच नाहीत काकू, वगैरे.

"मला दिसायला हवेत," मास्तरीण म्हणाली.

"डाग?"

"डाग, दोरा, टाचणी, सगळं."

अशी मागणी त्याच्याकडे आजवर कुणी केली नव्हती. वाक्य अर्ध्यावर सोडून त्याने हात मागे बांधले. तेवढ्यात मास्तरणीने मार्बल लूकची टाइल ओढून जमिनीवर आडवी केली, पर्समधून डबी काढली आणि तिच्यावर टाचण्या ओतल्या.

मार्बल गेला पहिल्या फटक्यात. त्याची प्रत्येक करडी शीर टाचणीसारखी. मास्तरणीने दोनदा नखाने शीरच उचलायचा प्रयत्न केला. पांढऱ्याशुभ्र चकचकीत टाइलवर वरचे दिवे असे उतरले की मधलं काही दिसेना. "समोरून कुणीतरी हेडलाइटचा अप्पर मारतोय," ड्रायव्हरसाहेब डोळ्यांवर हात धरून म्हणाले. वुड लूकमध्ये रेघा. स्टोन लूकमध्ये खड्डे, आणि खड्ड्यांत टाचण्या जणू वस्तीला आल्या होत्या.

मग काळी आली. कोळशासारखी, चमक नसलेली, एका रंगाची. तिच्यावर टाचण्या पडल्या आणि प्रत्येक वेगळी उठून दिसली.

मास्तरीण ती टाइल काखेत मारून थेट रस्त्यावर गेली. तिथे उन्हात धरली, सावलीत धरली. चुरगळता येईना याचं तिला थोडं वाईट वाटलं. परत येऊन तिने दुकानदाराच्या तोंडाकडे बघितलं.

"हीच."

"काळी?" ड्रायव्हरसाहेब म्हणाले. "स्वयंपाकघरात? पीठ सांडलं म्हणजे?"

"दिसेल."

"अगं तेच म्हणतोय, दिसेल!"

"दिसलं की पुसायचं."

"कुणी?"

"ज्याला दिसेल त्याने."

ड्रायव्हरसाहेबांनी लगेच दुसरीकडे बघायला सुरुवात केली. दुकानदार गुडघ्यांवर बसून टाचण्या गोळा करत होता आणि, हे मास्तरणीने नीट पाहिलं, काळ्यावरच्या त्याला चटाचट मिळत होत्या.

*

पेट्या आल्या. जिन्याजवळच्या बोळात एकावर एक रचल्या. मिस्त्री पुढच्या आठवड्यात येणार होता.

मास्तरणीला धीर कुठला! तिने एक पेटी फोडली, चार टाइल्स काढून टेबलाखाली मांडल्या आणि वर कोट टाचायला घेतला. मुद्दाम नव्हे. काम होतंच. तोंडात टाचण्या, हातात कोटाची किनार.

(तोंडात टाचण्या असताना मास्तरीण जे बोलते ते सगळं 'म्म' असतं. ड्रायव्हरसाहेबांना ते समजतं. इतरांसाठी इथे त्यांचीच बाजू दिली आहे.)

"म्म."

"काय पडलं?"

"म्म म्म."

"मग दिसत असेल की. काळीवर पडलीय ना?"

"म्म!"

"ओरडू नकोस. आलो. कुठे? ... इथे? ... इथे तर काही नाही."

"म्म म्म म्म."

"हो, काळीवरच बघतोय. ... अगं, खरंच दिसत नाही."

मास्तरणीने तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या आणि खाली वाकली. टाचणी तिथेच होती. बोटांना लागली, डोळ्यांना लागली नाही. जुनी होती ती. कधी काळी चकाकत असेल, आता काळवंडलेली, जरा वाकलेली, काळ्या टाइलवर काळी रेघ.

तिने टाचण्यांच्या उशीकडे पाहिलं. वर्षानुवर्षांच्या टाचण्या, बहुतेक अशाच. डोक्याला रंगीत मणी असलेल्या काही, गंजाच्या रंगाच्या काही, चकचकीत अगदी थोड्या. मग तिला दुकानातली ती डबी आठवली. शोरूमला जायचं म्हणून तिने इस्त्रीचे कपडे घातले होते, पर्स पुसून घेतली होती, आणि टाचण्यासुद्धा कोऱ्या करकरीत डबीतल्या नेल्या होत्या. चारचौघांत या वाकड्या टाचण्या कशा काढायच्या, म्हणून.

"आता?" ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं.

"आता काय. उसवायचं."

मास्तरणीच्या कामात अर्धा वेळ उसवण्यात जातो. लोकांना वाटतं शिवणं म्हणजे शिवणं. बाही ओढली गेली, उसव. गिऱ्हाइकाचं पोट सुटलं, उसव. त्यात तिला कधी कमीपणा वाटला नाही. सुस्कारा टाकायच्या आधी तिचा हात उसवायच्या पात्याकडे गेलेला असायचा. तशी ती फोनकडे गेली.

"मी म्हणतच होतो काळी नको," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"तुमचं म्हणणं पिठाचं होतं. टाचणीचं तुम्हालाही सुचलं नाही. गाडी काढा."

*

"पेट्या फोडल्यात का काकू?" दुकानदाराने विचारलं.

"एकच."

"ती ठेवा. बाकीच्या मी घेतो. पण या वेळेला नक्की ठरवा बुवा."

"त्यासाठीच हे आणलंय," असं म्हणत मास्तरणीने पिशवीतून अख्खी उशी काढली. दुकानदाराने साळिंदर बघावं तसं तिच्याकडे पाहिलं.

या खेपेला ती नुसती वाकली नाही. इस्त्रीच्या कपड्यांनिशी हातापायांवर आली, गाल जवळजवळ टाइलला टेकवला आणि बघितलं. ठमीच्या उंचीवरून.

"काकू, खुर्ची देऊ का?"

"तुम्ही खाली या."

"मी?"

"तिथून तुम्हाला काय कळणार? या."

दुकानदार आला. एक जोडपं मार्बल लूक बघायला आत शिरलं, दोघांना जमिनीवर बघून दारातच थबकलं, आणि ड्रायव्हरसाहेबांनी हाताने त्यांना वळसा घालून जायची खूण केली, रस्त्यात काम चालू असल्यासारखी.

एकही टाइल पसंत पडेना. एकीवर जुन्या दिसायच्या पण नव्या दिसायच्या नाहीत. एकीवर दोन्ही दिसायच्या पण रंगीत मण्यांच्या टाचण्यांचा पत्ता लागायचा नाही. बदामी रंगाच्या एकीवर सगळ्या दिसल्या, पण फक्त दारातून. खिडकीकडून बघितलं की पुन्हा गायब. मास्तरीण रांगत रांगत ओळीमागून ओळ पालथी घालत गेली. दुकानदार मागून टाचण्या टाकत आणि उचलत गेला. त्यालाही आता चेव चढला होता. "इथे बघा. नाही? बरं, इथे?"

असं करत दोघं मागच्या गोदामाच्या उंबऱ्यापर्यंत पोचली, आणि उशी मास्तरणीच्या हातातून सटकली. टाचण्या गोदामाच्या जमिनीवर उधळल्या.

सगळ्या दिसल्या. जुन्या, नव्या, वाकड्या, मणीवाल्या. भिंतीच्या कडेला गेलेलीसुद्धा.

"ही कुठली?" मास्तरणीने जमिनीवर थाप मारली. फिकट हिरवट, पिवळट म्हणावं तर तसंही, चमक नाही, नक्षी नाही. धुऊन धुऊन पातळ झालेल्या साबणाच्या वडीसारखा रंग.

"ही होय? ही दुकानात नाही लावलेली. कुणी घेत नाही. आमच्या गोदामात टाकलीय आम्ही."

"का?"

"इथे स्क्रू पडतात, खिळे पडतात, टाइलचे कपचे उडतात. पायाला लागतात. मग दिसायला..."

दुकानदार बोलायचा थांबला. हातापायांवर असलेली दोन माणसं एकमेकांकडे बघत राहिली.

"हे आधी नाही सांगायचं?" मास्तरीण म्हणाली.

"काकू, मला वाटलं तुम्हाला सुंदर हवीय."

लेकीला फोटो पाठवला. तिचा लगेच फोन आला. "आई, हॉस्पिटलसारखं दिसेल गं."

"बरंच आहे," ड्रायव्हरसाहेब फोनमध्ये तोंड घालून म्हणाले. "आजारी पडलो तर कुठे जायला नको."

*

मिस्त्री.

"मधल्या फटी काळ्या भरू का मावशी? मळ दिसत नाही."

मास्तरणीने त्याच्याकडे असं पाहिलं की तो एक पाऊल मागे सरला.

"फरशीच्याच रंगाचं भरा. आणि काठोकाठ. शिवण हाताला लागता कामा नये."

"फरशीला शिवण नसते मावशी."

"मग ही काय?"

मिस्त्रीने फटीकडे बघितलं. "ही... ठीक आहे, शिवण."

"आणि भिंतीला जिथे भिडते तिथे दुमडून घ्या."

"आता फरशी कशी दुमडू?"

"तुमचं तुम्ही बघा. कोपऱ्यात काही लपायला नको."

त्याने भिंतीच्या कडेने गोलसर उतार काढून दिला. हा उतार त्याला स्वतःलाच इतका आवडला की जाताना त्याने हात फिरवून पाहिला, दोनदा.

*

परीक्षेच्या दिवशी लेक ठमीला कडेवर घेऊन आली. नव्या फरशीवरून तिने एक नजर फिरवली. ठमीला बाबांच्या हातात दिलं, आईला बाहेरच्या खोलीत बसवलं आणि स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

आत पावलं वाजत होती. टेबल सरकवल्यासारखा आवाज आला. मास्तरीण खुर्चीत ताठ बसली होती, फोटो काढायला बसावं तशी.

"घाबरलीस?" ड्रायव्हरसाहेबांनी विचारलं. ठमी त्यांच्या चष्म्याची काडी चावत होती.

"मी कशाला घाबरू? घाबरेल तर मशीन घाबरेल."

पण तिने हात मांडीखाली दाबून धरले होते.

"ये," आतून हाक आली.

मास्तरीण दारात उभी राहिली. आत गेली नाही. आधी नुसती बघत राहिली. मग कडेकडेने जाऊन तिने खिडकी सताड उघडली, परत दाराशी आली, गुडघ्यांवर बसली, गाल फरशीला लावला. उजेड फरशीवरून सपाट येत होता आणि प्रत्येक टाचणीला स्वतःची छोटी सावली होती.

ती उचलत गेली. टेबलाच्या पायाला चिकटवून ठेवलेली. ओट्याखालची. दाराच्या मागची, ती बघून तिने लेकीकडे 'वा गं वा' अशी नजर टाकली. फटीच्या रेघेवर बरोब्बर आडवी ठेवलेली. भिंतीच्या उतारावरची. ठमी आजोबांच्या कडेवरून हे सगळं डोळे विस्फारून बघत होती. तिच्यासारखं चालणारं मोठं माणूस तिने पहिल्यांदाच पाहिलं असावं.

शेवटी मास्तरीण टेबलाला धरून उठली आणि मूठ उघडून टाचण्या टेबलावर ठेवल्या. लेकीने बोटाने एकेक बाजूला केली. मग पुन्हा केली.

"पंधरा," लेक म्हणाली.

"बघ. एकही राहिली नाही."

"मी चौदा टाकल्या होत्या."



"मोजायला चुकली असशील," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"नाही चुकले, बाबा. दोनदा मोजून टाकल्या."

मास्तरणीने पंधरा टाचण्यांकडे पाहिलं. दोन्ही हातांनी ती त्या एका रांगेत लावू लागली. वेळ काढण्यासाठी नव्हे. त्यातली तिची कुठली ते बघायला. एक होती, मानेशी जराशी वाकलेली.

"ही माझी," ती म्हणाली. "सकाळी कोटाची बाही टाचत होते. पडलेली ऐकू आली नाही मला."

हे तिने खाली न बघता सांगितलं. कुणी विचारलं नव्हतं. मोजणीत चूक झाली म्हणून सोडून देता आलं असतं आणि ड्रायव्हरसाहेबांनी तशी वाटही करून दिली होती.

"म्हणजे तू असताना, नव्या फरशीवर, परीक्षेच्या दिवशी, एक खाली होतीच," लेक म्हणाली.

"होती."

"आणि तुला माहीत नव्हतं."

"नव्हतं. पण आता ती कुठाय?"

लेकीने रांगेकडे पाहिलं. आईकडे पाहिलं. मग तिने ओढणी बाजूला काढून ठेवली, गुडघ्यांवर आली आणि हनुवटी फरशीला टेकवून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बघितलं. उठून दुसऱ्या बाजूला गेली आणि तिकडून बघितलं. पुरे झालं असतं तरी आणखी एकदा, खिडकीकडून. तिघं जण थांबून होती. ठमीसुद्धा.

"द्या तिला," लेक खालूनच म्हणाली.

ठमीला फरशीवर सोडलं. तिने आधी दोन्ही तळवे आपटून पाहिले, आवाज आवडला, मग आणखी आपटले, आणि फिकट हिरव्या फरशीवरून थेट टेबलाच्या पायाकडे सुटली.

"सोमवारी सकाळी आणते," लेक म्हणाली. "पण तिला खाली सोडायच्या आधी असं वाकून बघायचं. रोज. जे आत्ता मी केलं ते."

"करीन."

"काम करून उठलीस की पुन्हा."

"पुन्हा करीन. आणि मशीन?"

"मशीनचं काय?"

"विकायचं नाही ना?"

"आई, मशीन विकलंस तर हिचे कपडे कोण शिवणार?" लेक म्हणाली आणि टेबलाखालून ठमीचा पाय धरून तिला मागे ओढू लागली.

मास्तरणीने पंधराच्या पंधरा टाचण्या उशीत खोचल्या, खडू घेतला आणि टेबलावरची रेघ पुन्हा ठळक केली.

तिने आयुष्यात शिवलेल्या पहिल्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या होत्या; तोही तिने उसवूनच नीट केला होता.